काकूंना उतार नको, काकांना उभं राहणं नको : व्हॅलेटातल्या एका दिवसाची निवड

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर निघालेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. सत्तरी ओलांडलेले काका-काकू, सोबत मुलगा आणि सून. काकू गुडघ्यांसाठी माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, काकाही पाठीसाठी अधूनमधून येतात. ऑक्टोबरमधल्या एका दिवशी त्यांचं जहाज माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार होतं. मुलाने क्रूझ कंपनीची सहलींची यादी मला पाठवली आणि विचारलं, "यातली कुठली आई-बाबांना झेपेल?"

खरं तर त्याने मनाशी उत्तर ठरवलेलं होतं. यादीत प्रत्येक सहलीपुढे 'सोपी', 'मध्यम' किंवा 'दमछाक करणारी' असा शेरा होता आणि त्याने 'सोपी'पैकी एक निवडली होती. माझ्याकडून त्याला फक्त होकार हवा होता. मी तो लगेच दिला नाही, कारण त्या शेऱ्यांचं मला कायम वाईट वाटतं. 'सोपी' म्हणजे कुणाला सोपी? धाप लागणाऱ्याला, गुडघा दुखणाऱ्याला, की तोल जाणाऱ्याला? चालायचं अंतर कमी असलं की 'सोपी' लिहून मोकळं होतात. पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का, गाईड बोलत असताना किती वेळ उभं राहावं लागेल, यातलं काहीच त्या एका शब्दात नसतं. आणि माणसाचा दिवस बिघडतो तो नेमका याच गोष्टींनी.

तेव्हा आधी दोन्ही शरीरं नीट पाहिली.

काकूंच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, उजव्यात जास्त. सपाट रस्त्यावर त्या सावकाश अर्धा-पाऊण तास चालतात. पायऱ्या चढतातही. अडचण उतरताना आहे. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार झेलत शरीर हळूहळू खाली सोडावं लागतं, आणि वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. क्लिनिकच्या जिन्यावर मी त्यांना चढायला लावलं, मग उतरायला. पहिल्या तीन पायऱ्या त्या सरळ उतरल्या. चौथीला उजवा हात कठड्यावर घट्ट झाला, पाचवीला अंग आडवं झालं आणि तिथून खाली त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, खेकड्यासारख्या आडव्या उतरल्या. कठडा नसता तर त्या तिथेच थांबल्या असत्या.

काकांचं दुखणं वेगळंच आहे. कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाल्याने पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. ताठ उभं राहिलं की ती नळी आणखी आवळते, पुढे वाकलं किंवा बसलं की मोकळी होते. म्हणून सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीवर रेलून काका तासभर फिरतात, पण बँकेच्या रांगेत त्यांचे पाय जड होतात, मुंग्या येतात. मी त्यांच्याशी मुद्दाम उभ्याउभ्याच गप्पा मारत राहिले. सहा-सात मिनिटांत त्यांचे हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेले आणि ते पुढे झुकले. बोलणं चालूच होतं, आपण झुकलो हे त्यांना कळलंही नव्हतं. अशा रुग्णांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, कारण उतरताना कंबर मागे वळते. म्हणजे उतार दोघांनाही नको, फक्त कारणं वेगळी.

मुलाच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न होता, "किती किलोमीटर?" काकूंसाठी तो थोडाफार कामाचा होता, काकांसाठी अगदी निरुपयोगी. चालत राहिले आणि दर दहा मिनिटांनी बसायला मिळालं, तर काका दिवसभरात बरंच अंतर कापतात. एकाच जागी पंधरा मिनिटं उभं केलं तर अर्ध्या किलोमीटरचीही सहल त्यांच्यासाठी संपली.

आता शहर. १५६५ मध्ये ऑटोमन फौजांनी माल्टाला वेढा घातला. तो उठल्यावर पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, सेंट जॉनच्या सरदारांचे (तेव्हा माल्टावर सत्ता असलेल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या धर्मसंघाचे) प्रमुख जाँ द व्हॅलेट यांनी या नव्या तटबंद शहराचा पाया घातला. जागा निवडली ती दोन बंदरांच्या मधोमध समुद्रात घुसलेल्या शिबेरास टेकडीच्या जिभेवर. फ्रांचेस्को लापारेली या इटालियन अभियंत्याने रस्ते सरळ रेषेत, एकमेकांना काटकोनात आखले. आधी टेकडी सपाट करायची कल्पना होती. पण शत्रू परत येईल या धास्तीने घाई झाली, ते काम अर्धवट राहिलं आणि सरळ रेषेतले रस्ते उंचसखल खडकावर तसेच अंथरले गेले. म्हणून कागदावरच्या नकाशात व्हॅलेटा पाटीवर आखलेल्या चौकटीसारखं दिसतं, प्रत्यक्षात टेकडीच्या कण्याकडून दोन्ही बंदरांकडे उतरणाऱ्या गल्ल्या तीव्र उताराच्या आहेत आणि काही तर सरळ जिनेच आहेत. सगळं शहर जेमतेम एक किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद. एवढ्या छोट्या शहरात काय त्रास होणार, असं वाटणं साहजिक आहे. काकूंना काय सोसावं लागेल हे मात्र त्या लांबीत दिसत नाही, उंचीत दिसतं.

हे शहर ज्येष्ठांना झेपण्याजोगं होतं ते एका लिफ्टमुळे. क्रूझ जहाजं ग्रँड हार्बरमध्ये पिंटो धक्क्याला लागतात. अठराव्या शतकातल्या जुन्या गोदामांची रांग तिथे आहे. तिथून शहर डोक्यावर, तटबंदीच्या वर दिसतं. धक्क्यापासून पाऊण किलोमीटरच्या आसपास, लास्कारिस खंदकात, बराक्का लिफ्ट आहे. ती ५८ मीटर उंचीवरच्या अप्पर बराक्का बागेत नेऊन सोडते, तेही अर्ध्या मिनिटाच्या आत. १९०५ मध्ये इथे पहिली लिफ्ट बसवली होती. ती १९७३ मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये काढून टाकली. आत्ताची २०१२ पासून चालू आहे. मधली जवळपास चाळीस वर्षं बंदरावरून वर जायला पायऱ्या, चढाचा रस्ता किंवा गाडी एवढेच मार्ग होते. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून कुणी "व्हॅलेटा वयस्करांना नको" म्हणत असेल, तर ते या लिफ्टच्या आधीचं मत आहे हे लक्षात घ्यावं.

यादीतल्या सहलींकडे या नजरेने पाहिलं तेव्हा चित्र उलटंपालटं झालं. मुलाने निवडलेली 'सोपी' सहल बसने बेटाचं दर्शन घडवणारी होती. मध्ये फोटोसाठी थांबे, शेवटी 'थोडा मोकळा वेळ'. बसच्या उंच पायऱ्या प्रत्येक थांब्याला उतरायच्या आणि चढायच्या, म्हणजे काकूंना नको तीच हालचाल पुन्हा पुन्हा. खाली उतरल्यावर गाईडभोवती घोळका करून ऐकत उभं राहायचं, म्हणजे काकांना नको तेच. चालणं जवळजवळ नाही, आणि तरी दोघांसाठी यादीतली सर्वांत गैरसोयीची सहल हीच होती असं माझं स्पष्ट मत झालं.

दुसरी 'सोपी' सहल पलीकडच्या तीन जुन्या शहरांची, त्यात दायसा नावाच्या पारंपरिक लाकडी होडीतून बंदराची फेरी. फेरी सुंदरच असते. पण होडीत बसायचं म्हणजे धक्क्यावरून खाली, हलणाऱ्या फळीवर पाऊल टाकायचं. गुडघ्यावर भरवसा नसलेल्या माणसाने हे करू नये. होडीवाला हात देतो, तरी तो क्षण गुडघ्याचाच असतो. ही लगेच बाद केली.

तिसरी 'मध्यम', व्हॅलेटा आणि मदिना मिळून साडेचार तास. मदिना ही माल्टाची जुनी राजधानी, बेटाच्या मध्यावर, व्हॅलेटापासून दहा-बारा किलोमीटर. तिथल्या गल्ल्या शांत आहेत, मोटारींना मोजकीच परवानगी आहे, चढउतारही बेताचा. नुसती मदिना असती तर मी कदाचित हो म्हटलं असतं. अडचण जोडीची होती. चाळीस जणांच्या गटात, एका गाईडच्या चालीने, दोन शहरं. काकांना दहाव्या मिनिटाला बसायचं असेल तर गट थांबत नाही, आणि बस जिथे सोडते तिथेच पुन्हा भेटते असंही नाही.

इथे मी मुलाला माझा खरा निकष सांगितला. अशी सहल निवडताना मी पहिला प्रश्न विचारते तो हा : दुखायला लागलं तर वाटेत सोडता येईल का? ज्या सहलीतून प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडता येतं, ती थोडी अवघड असली तरी माणूस बिनघोर जातो. एकदा आत शिरल्यावर शेवटपर्यंत जावंच लागतं अशी सहल कितीही सोपी असो, तिथे माणूस दुखणं लपवत चालतो. आणि लपवून काढलेला तो एक तास पुढचे तीन दिवस खातो.

मुलाची शंका रास्त होती. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणूनच बंदरापासून तास-दोन तास लांब जायचं असेल तर मीही कंपनीची सहल घ्या असंच सांगते. पण व्हॅलेटात शहर जहाजाच्या थेट डोक्यावर आहे. अप्पर बराक्का बागेतून आपलं जहाज डोळ्यांना दिसतं. लिफ्ट बंद पडली तरी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत धक्का गाठता येतो. इथे त्या हमीसाठी गटाच्या चालीने फरफटायची गरज नव्हती.

मग ते चौघं आणि मी, संगणकावर उपग्रहाचा नकाशा आणि रस्त्यांचे फोटो उघडून बसलो. पायऱ्या शोधायची एक युक्ती सांगते : वरून घेतलेल्या चित्रात रस्त्यावर बारीक समांतर सावल्यांच्या आडव्या रेघा दिसल्या की तो जिना समजावा. सेंट उर्सुला स्ट्रीटवर त्या रेघा सूनबाईंनी माझ्याआधी पाहिल्या. त्यांनी तो रस्ता लाल केला, नंतर ग्रँड हार्बरकडे उतरणाऱ्या आणखी गल्ल्या लाल केल्या. उरला तो टेकडीचा कणा. बराक्का बाग, तिथून कास्तील चौक, सिटी गेटच्या आतली बाजू, रिपब्लिक स्ट्रीट आणि सेंट जॉन्स को-कॅथीड्रल हे मोठं चर्च. चढउतार सौम्य, प्रत्येक टप्पा तीन-चारशे मीटरचा, आणि टप्पा संपतो तिथे बसायची सोय. रिपब्लिक स्ट्रीट पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. चालायला ते उत्तम, पण 'इथूनच टॅक्सी बोलावू' हे तिथे चालत नाही. म्हणून गाडी कुठे येऊ शकते त्या जागा वेगळ्या खुणेने दाखवल्या : कास्तील चौक आणि सिटी गेटच्या बाहेरचा स्टँड. कुठल्याही क्षणी यांपैकी एक जागा जवळ असेल अशी वाट आखली.

रिपब्लिक स्ट्रीट पुढे सेंट एल्मो किल्ल्याकडे उतरत जातो. १५६५ च्या वेढ्यात या किल्ल्याने जवळजवळ महिनाभर तग धरला होता. मुलाला तो पाहायचाच होता. त्याने आणि सूनबाईंनी तिकडे दोघांनीच जावं, काका-काकूंनी वरच राहावं असं ठरलं. यावर काकू थोड्या खट्टू झाल्या. "सगळे एकत्र जाऊ म्हणून तर निघालोय." मी त्यांना म्हटलं, काकू, चौघं एकत्र राहायचं म्हणून तुम्ही तो उतार उतराल, मग परतीचा चढ चढाल, आणि मुलगा सगळा वेळ तुमच्या पायांकडे बघत राहील. दीड तास वेगळे राहा, दुपारचा चहा एकत्र घ्या. हे त्यांना पटलं.

वारही पाहून घेतला. को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. यांचा दिवस कामाचा वार होता. तिथली जमीन संगमरवराच्या रंगीत थडग्यांची आहे, जवळपास चारशे सरदारांची, आणि तिला इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या चपलांना मनाई आहे. काकूंना तसंही रुंद रबरी तळव्याचे बूट घालायला सांगितले होते. व्हॅलेटातली फरसबंदी पावलांनी झिजून गुळगुळीत झाली आहे, पाऊस पडला की ती निसरडी होते.

साधनांवर बराच वेळ गेला. काकूंना काठी डाव्या हातात धरायची सवय लावली, कारण जास्त दुखरा गुडघा उजवा आहे आणि काठी नेहमी विरुद्ध हातात हवी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही घोटून घेतलं. काकांसाठी चाकांचा, सीट असलेला वॉकर सर्वांत चांगला. त्याच्यावर झुकून चालता येतं, हवं तेव्हा बसता येतं. त्यांनी साफ नकार दिला. मी आग्रह केला नाही, कारण नको असलेलं साधन केबिनमध्येच राहतं. शेवटी घडीची काठी-खुर्ची ठरली. बंद असताना काठी, उघडली की तीन पायांचं छोटं स्टूल. जहाजावरची व्हीलचेअर उतरताना मागून घेऊ असं मुलगा म्हणत होता. बहुतेक जहाजांवर ती आणीबाणीसाठी असते, किनाऱ्यावर फिरायला देत नाहीत. लागणार असेल तर आपली स्वतःची न्यावी किंवा आधी भाड्याने ठरवून ठेवावी.

काकांची रक्तदाबाची एक गोळी लघवीचं प्रमाण वाढवणारी आहे. फिरायच्या दिवशी पुष्कळ जण ती गुपचूप चुकवतात. ती कधी घ्यायची हे त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं, आणि वाटेवरची स्वच्छतागृहंही नकाशावर आली. सांगायला संकोच वाटतो म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणी पीत नाहीत, उन्हात चक्कर येते, आणि दोष मात्र चालण्याला जातो.

प्रत्यक्ष दिवस कसा गेला ते सूनबाईंनी संध्याकाळी सविस्तर लिहून पाठवलं. धक्क्यापासून लिफ्टपर्यंत टॅक्सीने जायचं ठरलं होतं. हवा छान पाहून काका म्हणाले, चालूया. रस्ता सपाट आहे, पण पुढे पदपथ अरुंद होतो, बाजूने गाड्या जातात, बसायला जागा नाही. आठव्या मिनिटाला काकांच्या पायांत मुंग्या सुरू झाल्या. त्यांनी काठी-खुर्ची उघडली आणि भिंतीच्या कडेला बसले. ज्या वस्तूबद्दल ते महिनाभर कुरकुरत होते तिने पहिल्या अर्ध्या तासातच काम दिलं. लिफ्टच्या रांगेतही ते बसूनच पुढे सरकले.

वर बागेत ते वीस मिनिटं बसले. समोर अख्खं ग्रँड हार्बर, पलीकडे सेंट अँजेलो किल्ला. मग कास्तील चौकातून सावकाश को-कॅथीड्रलपर्यंत. आत प्रत्येकाकडे ऐकायचं यंत्र असतं, त्यामुळे गाईडभोवती उभं राहायचा प्रश्न आला नाही. काका बाकावर बसून मात्तिया प्रेतीने रंगवलेलं छत पाहत होते, काकू काठी टेकत थडग्यांवरची चित्रं. पुढच्या दालनात काराव्हाजोचं १६०८ मधलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. पाच मीटरांहून रुंद चित्र, लांबूनही पुरतं दिसतं, त्यामुळे गर्दीत पुढे घुसावं लागलं नाही. काकूंनी सुनेला सांगितलं की सबंध सहलीत त्यांना तेच सर्वांत आवडलं.

दुपारी बाराला बागेखालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ उडते. ती पाहायला कठड्याशी लोक आधीच जागा धरून उभे असतात. काकांनी मागच्या बाकावरूनच आवाज ऐकला. हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून रुखरुख नव्हती. परतीला मुलाने पुन्हा चालायचा विषय काढला तेव्हा काकांनीच कास्तील चौकातून टॅक्सी करायला लावली.

माझ्या दृष्टीने निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सहलीत उत्साहाच्या भरात दुखणं कळत नाही. त्या दिवशी जहाज समुद्रातच होतं, आणि व्हॅलेटाला हो म्हणण्यामागे माझं तेही एक कारण होतं. काकूंच्या गुडघ्याला सूज नव्हती, उठताना नेहमीपेक्षा थोडा जास्त ताठरपणा होता, तो दहा-पंधरा मिनिटांत गेला. काकांचे पाय ठीक होते. यापेक्षा चांगलं मी मागितलंही नसतं.

आता त्यांचं पुढच्या वर्षी क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकचं चाललंय. तटबंदीवरून चालायची काकूंची फार इच्छा आहे. ती भिंत १,९४० मीटर लांब आहे, पायऱ्या हजारावर आहेत, एकाच दिशेने चालावं लागतं आणि खाली उतरायच्या जागा मोजक्याच आहेत. मी नाही म्हटलंय. गावातला मुख्य रस्ता स्त्रादुन जवळजवळ सपाट, सुमारे तीनशे मीटरचा आहे, तो दोघांना सहज जमेल. पण पिले दरवाज्यातून आत आल्यावर लगेच उतार आहे, तिथे मुलाने काकूंच्या उजव्या बाजूला राहायचं. भिंत वरून पाहायला सर्झ डोंगरावर रोपवे जातो. त्याचं खालचं स्टेशन जुन्या गावापासून चढावर आहे, म्हणून ग्रुझ बंदरातून थेट तिथेच टॅक्सीने जायला सांगितलंय. काकांनी स्वतःहून विचारलं, वर बसायला जागा आहे का आणि काठी-खुर्ची न्यायची का. न्यायची, असं मी सांगितलं.